मला फक्त वर्तमानकाळ येतो

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने काय काय करू नये याची एक यादी आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकदा चहा पिता पिता तयार झाली होती. सायकल शिकू नये, पेटीच्या क्लासला नाव घालू नये, जुन्या मैत्रिणीला तिचे वय विचारू नये, अशी बरीच कलमे होती. त्यांतले 'नवी भाषा शिकू नये' हे कलम मीच सुचवले होते आणि ते एकमताने मंजूर झाले होते. त्या कलमाचा भंग करून गेल्या मे महिन्यात मी स्पेनमधल्या सालामांका गावी चार आठवडे स्पॅनिश शिकायला जाऊन बसले, ही गोष्ट मी सहकाऱ्यांपासून लपवून ठेवली होती. आता ती दिवाळी अंकातच छापून येत असल्यामुळे लपवण्यात अर्थ उरला नाही.

जाण्याचे कारण सांगते. त्याच्या आदल्या पावसाळ्यात माझी आई गेली. शेवटची तीन वर्षे तिचे आजारपण चालले होते. त्या काळात कॉलेज, औषधाचे दुकान आणि घर या त्रिकोणाबाहेर मी पाऊल टाकले नाही. ती गेल्यावर त्रिकोणाची एक बाजू गळून पडली आणि उरलेल्या दोन बाजूंचे काय करायचे ते मला कळेना. धाकटा भाऊ नागपूरला असतो. तो म्हणाला, "ताई, या सुट्टीत कुठे तरी जाऊन ये. चार धाम कर, नाही तर युरोप कर; पण घरात बसू नकोस."

मी दोन्ही एकदम केले. युरोपला गेले आणि एक धामही केले. व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला सालामांका हे तीर्थक्षेत्रच म्हटले पाहिजे. १४९२ च्या ऑगस्टमध्ये कोलंबस जहाजे घेऊन निघाला, आणि त्याच ऑगस्टमध्ये या गावात आंतोनिओ दे नेब्रिहा या पंडिताचे कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण छापून निघाले. लॅटिन सोडून बाजारात बोलल्या जाणाऱ्या भाषेलाही व्याकरण असते, हे तेव्हा कित्येक विद्वानांच्या गावीही नव्हते. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण निघाले ते १८३६ साली. तेव्हा नेब्रिहांच्या गावी जाऊन त्यांच्या भाषेचे चार धडे गिरवावेत, असा मी संकल्प सोडला. बावीस वर्षे मी मुलांना क्रियापदे शिकवते आहे. चार क्रियापदे आपल्याला काय जड जाणार, असाही एक गर्व त्यात होता. तो किती दिवस टिकला ते पुढे येईलच.

सालामांका हे माद्रिदहून बसने अडीच तासांवर, तोर्मेस नदीच्या काठी वसलेले गाव आहे. इथले विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. आपल्या देवगिरीवर सिंघण यादव राज्य करीत होता, तेव्हाची ही गोष्ट! सारे जुने गाव एकाच दगडाचे आहे. जवळच्या बियामायोर गावच्या खाणीतला हा वालुकाश्म काढताना फिकट असतो; पुढे वारा-ऊन लागून त्यातल्या लोखंडाला रंग चढतो आणि दगड पिवळाजर्द होत जातो. मे महिन्यात तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड रेंगाळतो. त्या शेवटच्या उन्हात देवळांचे मनोरे, विद्यापीठाच्या भिंती आणि मधला भला मोठा चौक अंगाला हळद लावल्यासारखे दिसू लागतात. मनोऱ्यांवर करकोच्यांची घरटी आहेत. ते पक्षी चोची आपटून असा काही टकटकाट करतात की, जुन्या टंकलेखन कार्यालयातून चालल्याचा भास व्हावा.

अशा त्या सुंदर गावात, सकाळी नऊ वाजता, तिसऱ्या मजल्यावरच्या एका वर्गात माझी विटंबना सुरू झाली.

वर्गात आम्ही सात जण. एक कोरियन तरुण, जर्मनीहून आलेल्या एक निवृत्त परिचारिका, एक ब्राझिलियन मुलगी (पोर्तुगीज तिची मातृभाषा, तेव्हा तिचे शिकणे म्हणजे जवळजवळ कॉपीच), दोन अमेरिकन, एक पोलिश गृहस्थ आणि मी. शिकवणाऱ्या बाई अठ्ठावीस वर्षांच्या. माझी एखादी विद्यार्थिनी शोभावी अशा.

पहिल्याच तासाला फळ्यावर 'आब्लार' आले. आब्लार म्हणजे बोलणे. मी आब्लो, तू आब्लास, तो किंवा ती आब्ला, आम्ही आब्लामोस, तुम्ही आब्लाइस, ते आब्लान. एका काळाची सहा रूपे. क्रियापदे तीन कुळांची: ज्यांच्या शेवटी 'आर' आहे ती, 'एर' आहे ती आणि 'ईर' आहे ती. प्रत्येक कुळाचे प्रत्यय वेगळे. इथवर मला गंमत वाटत होती. त्यातच 'पागार' हे क्रियापद आले. पागार म्हणजे पैसे देणे. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला 'पगार' तो हाच, हे ध्यानात येताच मला घरचे माणूस भेटल्याचा आनंद झाला. पण पुढल्याच तासाला अनियमित क्रियापदे आली आणि आनंद मावळला. 'जाणे' या क्रियापदाचे नाव 'ईर', आणि 'मी जाते' म्हणायला मात्र 'बोय'! 'असणे' एक नाही, दोन. एक कायमचे असण्याचे आणि एक तात्पुरते असण्याचे. जी क्रियापदे दिवसातून शंभरदा लागतात नेमकी तीच नियम मोडणार. घरातल्या लाडावलेल्या पोरांसारखी.

आणि कर्ता मात्र हे लोक गाळतात! कोण ते क्रियापदाच्या शेपटावरून ओळखायचे. शेपूट चुकले की माणूस बदलतो. पहिल्याच आठवड्यात जेवायच्या वेळी मी घरमालकीणबाईंना मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले, "तिएने आम्ब्रे." मला म्हणायचे होते, मला भूक लागली आहे. त्याला 'तेंगो' लागतो. मी म्हटले त्याचा अर्थ, तिला भूक लागली आहे. बाईंनी इकडेतिकडे पाहिले. स्वयंपाकघरात आम्हा दोघींखेरीज फक्त मांजर होते. त्यांनी बशीत दूध ओतून मांजरापुढे ठेवले आणि माझ्या भूतदयेचे कौतुक केले.

वर्गात रोज माझ्या वहीवर लाल शाई सांडे. बावीस वर्षे मी स्वतः ती इतरांच्या वह्यांवर सांडली आहे. 'पुन्हा लिहा' एवढे दोन शब्द समासात लिहिताना माझा हात कधी थांबला नव्हता. तेच दोन शब्द स्पॅनिशमध्ये आपल्या वहीवर आले की कानशिले कशी तापतात, ते मला या वयात समजले.

एकदा सूड घ्यायची संधी आली. बाईंनी प्रत्येकाला आपल्या भाषेतले क्रियापद फळ्यावर मांडायला सांगितले. मी 'खाणे' मांडले. पुरुष म्हणाला तर खातो, बाई म्हणाली तर खाते, पोर असेल तर खाते, तेही वेगळे. भूतकाळात तर खाणाऱ्याला काही किंमतच नाही: मी आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, केळे खाल्ले. वर्ग अवाक झाला. पोलिश गृहस्थांनी विचारले, "म्हणजे तुमच्याकडे क्रियापद माणसाचं न ऐकता फळाचं ऐकतं?" मी म्हटले, "आमच्याकडे आंब्याला तेवढा मान आहे." त्या दिवशी मी जरा ताठ मानेने घरी गेले.

घर म्हणजे चौकापासून दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे बिऱ्हाड. मालकीणबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, विधवा. यजमान रेल्वेत होते. मुलगा दूर बार्सेलोनाला. सोबतीला विद्यार्थी ठेवीत. मी त्यांना 'सेन्योरा' म्हणे आणि आदरार्थी 'उस्तेद' वापरी. हा 'उस्तेद' म्हणजे मुळात 'आपली कृपा' अशा अर्थाच्या शब्दांचा झिजून राहिलेला तुकडा. त्यामुळे त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी, 'महाराजांनी बसावे' या थाटाचे. बाईंना ते आवडत नसे. "तू म्हण," असे त्या रोज बजावीत. पण आईच्या वयाच्या परक्या बाईला अरे-तुरे करायला माझी जीभ वळेना.

संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात बसत असू. त्या बटाट्याचे काप करीत, कढईत ऑलिव्हच्या तेलात सावकाश शिजवीत, मग फेटलेल्या अंड्यात कालवून जाड धिरड्यासारखी तोर्तिया करीत आणि ताटली पालथी घालून ती अशी काही उलटीत की, एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. बटाट्याला तिथे 'पाताता' म्हणतात आणि चावीला 'याबे'. पाव आणि 'पान' तर चुलत भाऊच. तोर्तियात कांदा घालावा की नाही यावरून स्पेनमध्ये घराघरांत तट आहेत. बाई घालीत नसत. का, ते विचारण्याइतकी क्रियापदे मजजवळ नव्हती.

बाई बोलत भराभर. मला कळे त्यातले चार आणे. त्यांच्या बोलण्यात एक शब्द मात्र सारखा कानावर पडे. त्राबाहाबा, फुमाबा, कांताबा, येगाबा. दोन दिवसांनी माझी खात्री झाली की, कुणी 'आबा' नावाचे गृहस्थ या घरात फार मानाचे असले पाहिजेत. भिंतीवर यजमानांचा फोटो होता. तेच आबा, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि येता जाता त्यांना नमस्कार करू लागले.

मग चौथ्या संध्याकाळी त्यांनी विचारले, "आणि तुझी आई? आई काय करते?"

वाचकहो, इथे मला खरे सांगितले पाहिजे. मला तोवर फक्त वर्तमानकाळ शिकवला होता. भूतकाळ तिसऱ्या आठवड्यात यायचा होता. आईबद्दल बोलायचे तर माझ्यापाशी एकच काळ होता. मी म्हटले, "मी माद्रे कोथीना." माझी आई स्वयंपाक करते. स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे 'माझी'. आपण मी, मी म्हणतो आहोत आणि त्याचा अर्थ मात्र आईकडे जातो आहे, याची मला मौज वाटली.

"काय काय करते?" बाईंनी विचारले. आणि मी सांगू लागले. आई पहाटे पाचला उठते. तुळशीला पाणी घालते. रेडिओ ऐकते. भाकरी करते. मांस खात नाही, अंडे खात नाही. संध्याकाळी गॅलरीत उभी राहते आणि बसथांब्यावरून मी येताना दिसले की आत जाऊन चहाचे आधण ठेवते. क्रियापदांची शेपटे एकही चुकली नाहीत. "मुय बिएन," बाई म्हणाल्या. फार छान.

पहिल्या दिवशी तो नाइलाज होता, पण दुसऱ्या दिवसापासून नव्हता. खोलीत कोश होता. मोबाइल तर कुठलाही शब्द क्षणात सांगतो. 'वारली' एवढा एक शब्द शोधायला कितीसा वेळ लागणार! मी तो शोधला नाही. रोज संध्याकाळी बाई आईची चौकशी करीत आणि रोज मी तिला पहाटे उठवी, भाकऱ्या करायला लावी, गॅलरीत उभी करी. जी तीन वर्षे मी तिला औषधे पाजण्यात काढली होती, ती त्या वर्तमानकाळात नव्हतीच. त्या भाषेत माझी आई धडधाकट होती. ते सोडवेना.

दुपारी मी गाव पाही. विद्यापीठाचा सोळाव्या शतकातला दर्शनी भाग म्हणजे दगडावर काढलेली पैठणीच आहे. त्या नक्षीत एका कवटीवर एक बेडूक बसला आहे. तो ज्या विद्यार्थ्याला कुणी न दाखवता सापडेल तो परीक्षेत पास होतो, असा तिथला समज. मी अर्धा तास मान वर करून उभी होते. शेवटी कोरियन तरुणाने बोट दाखवले. तेव्हाच मी निकालाची आशा सोडली. नव्या कॅथीड्रलच्या दाराच्या नक्षीत तर चक्क एक अंतराळवीर आहे. १९९२ साली दुरुस्ती करताना कारागिरांनी तो कोरला. कित्येक शतकांच्या जुन्या दारावर विसाव्या शतकातला माणूस! काळाची एवढी उघड चूक दगडात चालते आणि माझ्या वहीत चालत नाही, असे मनात आले.

विद्यापीठात फ्राय लुइस दे लेओन यांच्या नावाची वर्गखोली आहे. बाक कसले, ओबडधोबड तासलेले लाकडी वासेच ते. हे लुइस कवी, पंडित आणि धर्मशास्त्राचे अध्यापक. आपल्या नाथमहाराजांचे समकालीन. बायबलमधला एक भाग लोकांच्या भाषेत आणला, हा त्यांच्यावरच्या आरोपांपैकी एक. लोकांच्या भाषेत धर्मग्रंथ आणल्याबद्दल पंडितांचा रोष होणे आपल्याला नवे नाही. धर्मन्यायालयाने त्यांना १५७२ साली तुरुंगात टाकले. सुटले ते १५७६ च्या अखेरीस. अशी आख्यायिका आहे की, सुटून आल्यावर ते वर्गात आले, मुलांकडे पाहिले आणि मधली वर्षे जणू नव्हतीच अशा सुरात, काल आपण काय म्हणत होतो, तिथूनच त्यांनी धडा पुढे सुरू केला. मार्गदर्शक बाईंनी त्या आख्यायिकेतले क्रियापद उच्चारले: देथीआमोस. "हा अपूर्ण भूतकाळ," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पुढच्या आठवड्यात शिकवतील."

आणि तो आठवडा आला. सोमवारी पहिला भूतकाळ आला: एकदा घडून संपलेल्या गोष्टींचा. हा काळ म्हणजे नुसते काटेरी कुंपण. इथे नियम पाळणारे सज्जन कमी, मोडणारे फार. त्यात एक विलक्षण प्रकार निघाला. 'असणे' आणि 'जाणे' ही दोन अगदी वेगळी क्रियापदे. पण या भूतकाळात दोघांचे रूप एकच: 'फुए'. ती होती, फुए. ती गेली, फुए. संदर्भावरून ओळखायचे. जर्मन परिचारिकाबाई म्हणाल्या, हा अन्याय आहे. मी मात्र गप्प बसले. आई होती आणि आई गेली, या दोन वाक्यांना एकच शब्द पुरतो, हे मला त्या वेळी कुणी सांगायला नको होते.

गुरुवारी दुसरा भूतकाळ आला. पूर्वी जे नेहमी घडत असे, ज्याला सुरुवात-शेवट सांगायचा नाही, त्याचा हा काळ. बाईंनी फळ्यावर प्रत्यय लिहिला: आबा.

मी पाहतच राहिले. त्राबाहाबा म्हणजे काम करीत असे. फुमाबा, विड्या ओढीत असे. कांताबा, गात असे. येगाबा, घरी येत असे. भिंतीवरच्या फोटोला मी तीन आठवडे जे नाव देऊन बसले होते ते नाव नव्हते, प्रत्यय होता. पण तसे पाहिले तर मी अगदीच चुकले नव्हते. तो प्रत्यय त्यांचाच होता.

आणखी एक नवल कळले. या काळात साऱ्या भाषेत मिळून अनियमित क्रियापदे फक्त तीन. बाकी सगळी सरळ. जी एकदाच घडते ती गोष्ट सांगायला अवघड आणि जी रोज घडत असे ती सांगायला सोपी. वर्गातल्यांना हा काळ नीट उमगेना, इंग्रजीत त्याचे धड काही जमत नाही म्हणून अमेरिकन चडफडू लागले. मला मात्र क्षणात कळला, कारण तो आपल्याकडे आहे. ई-आख्यात! रीतिभूतकाळ! ती उठे, ती करी, ती म्हणे, ती येई. दामल्यांच्या १९११ सालच्या व्याकरणात तो सविस्तर आहे. दर वर्षी मी मुलांना सांगत आले होते की, हे रूप आता बोलण्यातून गेले. दोन गुणांपुरते पाठ करा. गेलेल्या रूपाचा नेमका उपयोग काय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर दालचिनीचा वास सुटला होता. बाईंनी टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवला. आत पेरोनिया होत्या. या त्या भागातल्या नानकटाईसारख्या, वर बदामाचा तुकडा लावलेल्या. बाई म्हणाल्या, "तुझ्या आईसाठी. यात डुकराची चरबी घालतात. पण तुझी आई खात नाही ना, म्हणून या खेपेला लोणी घातलंय. अंडंही नाही घातलं. जरा ठिसूळ झाल्यात, पण तिला चालतील."

माझ्या मोडक्यातोडक्या वर्तमानकाळातले प्रत्येक वाक्य त्यांनी जपून ठेवले होते. आता गप्प राहणे शक्य नव्हते. मी उभी राहिले. डोक्यात मराठी वाक्य आले, 'आई गेली', आणि तोंडातून त्याचे स्पॅनिश.

"मी माद्रे फुए."

"आदोंदे?" बाईंनी हसत विचारले. कुठे?

वाचकहो, त्या एका प्रश्नाला माझ्यापाशी कुठल्याच भाषेत उत्तर नव्हते. मग मी दुसरे क्रियापद घेतले. हेही अनियमितच; मधला 'ओ' जाऊन 'उ' येतो. "मुरियो," मी म्हटले. "गेल्या वर्षी. जुलैमध्ये."

बाईंनी गॅस बंद केला आणि समोर येऊन बसल्या. मला वाटले, आता रागावतील. एका म्हाताऱ्या बाईला मी तीन आठवडे फसवले होते. मेलेल्या माणसासाठी तिच्याकडून खाऊ करवून घेतला होता. मी कशीबशी म्हणाले, "माफ करा. मला तेव्हा फक्त वर्तमानकाळ येत होता."

त्या बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करीत राहिल्या. मग अगदी सावकाश, एकेक शब्द मला समजेल असा बोलल्या. "मला तर सगळे काळ येत होते. तरी माझा नवरा गेल्यावर वर्षभर बाजारात भाजीवाल्याला मी म्हणत होते, कांदा नको, त्याला आवडत नाही."

मला तोर्तियाचा उलगडा झाला. त्या डोळे पुसून किंचित हसल्या आणि म्हणाल्या, "अजून घालत नाही. मला स्वतःला कांदा फार आवडतो."

नंतर त्यांनी विचारले, "कोमो से यामाबा?" तिचे नाव काय होते? तीन आठवड्यांत आईचे नाव त्यांनी विचारले नव्हते. आई म्हणजे आई, तिला नाव कशाला लागते! आता विचारले, आणि त्या प्रश्नाच्या शेवटीही 'आबा' होते. मी नाव सांगितले. दोनदा चुकून तिसऱ्यांदा त्यांना ते म्हणता आले.

"पहाटे किती वाजता उठत असे?" त्यांनी विचारले. हे त्यांना ठाऊक होते. मी पुन्हा सांगितले. लेबांताबा, उठत असे. कोथीनाबा, रांधीत असे. तीच तुळस, तोच रेडिओ, त्याच भाकऱ्या. फक्त शेपटे नवी. 'गॅलरीत उभी राहून माझी वाट पाही' हे सांगताना 'एस्पेराबा' म्हटले. स्पॅनिशमध्ये वाट पाहणे आणि आशा करणे या दोन्हींना हे एकच क्रियापद आहे. त्या संध्याकाळी मी पाऊण तास बोलले आणि बाईंनी एकदाही दुरुस्ती केली नाही. निघताना मी म्हटले, "तू आता कांदा घालून कर एकदा." खोलीत गेल्यावर माझ्या लक्षात आले की, 'उस्तेद' राहून गेला होता.

शेवटच्या परीक्षेत मला दहापैकी सहा गुण मिळाले. बेडूक दुसऱ्याने दाखवल्यावर याहून अधिकाची अपेक्षा करणे बरोबर नाही. 'पुन्हा लिहा' म्हणून वहीही परत मिळाली. निघायच्या आदल्या रात्री तोर्तियात कांदा होता. आम्ही दोघींनी ती सबंध संपवली. ती छान झाली होती, पण बाई म्हणाल्या, "जरा गोड लागते, नाही?" पुढे त्यांनी घातला की नाही, ते मला माहीत नाही.

डबा मी घरी आणला. एक पेरोनिया आईच्या फोटोपुढे ठेवली. बाकीच्या सुट्टीला आलेल्या भाचरांनी दोन दिवसांत फस्त केल्या. ठिसूळ झाल्या होत्या खऱ्या.

जुलैमध्ये द्वितीय वर्षाच्या वर्गावर ई-आख्यात आले. या खेपेस मी पुस्तकातली उदाहरणे घेतली नाहीत. फळ्यावर लिहिले: ती पहाटे उठे. ती तुळशीला पाणी घाली. ती गॅलरीत उभी राही. ती वाट पाही. मुले निमूटपणे उतरवून घेत होती. मागच्या बाकावरचा एक चुणचुणीत मुलगा उठून म्हणाला, "पण मॅडम, हा काळ आता कुणाला लागतो?"

मी म्हटले, "तुलाही लागेल कधी तरी. सावकाश लागो."